बाळाची पहिली शिदोरी



खेड्यापाड्यांत एखाद्या घरी बाळ जन्माला आले म्हणजे भेटीस येणाऱ्या आयाबायांच्या तोंडी दोन गोष्टी हटकून येतात. पहिली, "बाळाला मध चाटवला ना?" आणि दुसरी, "मोठे गुणाचे बाळ आहे हो! रडणे नाही, कुरकुर नाही, नुसते झोपून असते." दोन्ही गोष्टी मायेपोटी विचारल्या आणि बोलल्या जातात, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु गेल्या सहासात दशकांत वैद्यकशास्त्राने जे ज्ञान मिळवले आहे, ते ध्यानी घेता या दोन्ही गोष्टींपाशी आपण थोडे थांबून विचार करावा, असे आम्हांस वाटते. म्हणून नवजात बालकाच्या रक्तातील साखर, हा विषय आज आम्ही हाती घेतला आहे.

साखरेचा विकार म्हटला की आपल्यापुढे मधुमेह झालेला प्रौढ माणूस उभा राहतो. त्याच्या रक्तात साखर वाजवीपेक्षा अधिक असते. नवजात बालकाचे संकट बहुधा याच्या उलट असते. त्याच्या रक्तातील साखर कमी पडते, आणि ही उणीव त्याच्या मेंदूला जाऊन भिडते. मेंदूचे मुख्य अन्न म्हणजे रक्तातील साखर होय. लहानग्याचा मेंदू त्याच्या इवल्याशा देहाच्या मानाने फार मोठा असतो, म्हणून त्याची भूकही मोठी असते.

बाळ उदरात असते तोवर ही चिंता त्याला नसते. आईच्या रक्तातील साखर नाळेवाटे अहोरात्र त्याला पोहोचत असते. शिवाय गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत बाळ आपल्या यकृतात थोडी साखर साठवून ठेवते आणि कातडीखाली थोडी चरबी धरते. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पदरी घरच्यांनी शिदोरी बांधून द्यावी, तशीच ही शिदोरी असते. जन्म होतो, नाळ कापली जाते आणि साखरेचा तो झरा एका क्षणात थांबतो. पहिल्या एकदोन तासांत प्रत्येक बालकाच्या रक्तातील साखर खाली येते. ही निसर्गाचीच रीत आहे. निरोगी, पूर्ण दिवसांचे बाळ आपली शिदोरी सोडते, तिच्यावर काही काळ निभावते, आणि तेवढ्यात आईचे दूध त्याच्या मुखी लागते.

परंतु सर्वच बालके पुरेशी शिदोरी घेऊन येत नाहीत. जे बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मले, त्याला ती बांधून घेण्यास अवधीच मिळालेला नसतो. जे अशक्त आणि कमी वजनाचे आहे, त्याची शिदोरी तुटपुंजी असते. जे थंडीने गारठले आहे, ते अंग ऊबदार ठेवण्यातच ती खर्चून टाकते. मधुमेही मातेच्या बाळाची कथा निराळी आहे. डेन्मार्क देशातील डॉक्टर पेडरसन यांनी 1952 साली तिचा उलगडा केला. मातेच्या रक्तातील जादा साखर नाळेतून बाळाकडे जाते, परंतु तिला आवर घालणारे मातेचे इन्शुलिन मात्र पलीकडे जात नाही. म्हणून बाळाचे शरीर स्वतःच भरपूर इन्शुलिन तयार करू लागते. नाळ कापताच साखर बंद होते, पण इन्शुलिनचा पूर लगेच ओसरत नाही. म्हणून असे बाळ दिसावयास गुटगुटीत असूनही काही तासांतच त्याची साखर एकाएकी घसरू शकते. बाळाचे बाळसे पाहून घरची मंडळी निर्धास्त राहतात, आणि धोका नेमका तेथेच दडलेला असतो.

ही उणीव ओळखावी कशी? कधी बाळाचे हातपाय थरथरतात, कधी रडणे क्षीण होते, कधी अंग सैल पडते, श्वास अडखळतो किंवा ओठ निळसर होतात, आणि कधी आकडी येते. परंतु पुष्कळदा यांतील काहीही दिसत नाही. बाळ केवळ सुस्त असते, स्तन तोंडात दिला तरी ओढत नाही, आणि झोपी जाते. आपल्या मराठीत म्हण आहे की रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही. मोठ्या माणसांच्या व्यवहारात ती म्हण खरी असेल, परंतु पाळण्यापाशी ती घातक आहे. ज्या बाळाची साखर उतरली आहे त्याच्या अंगी रडण्याचे त्राणच उरत नाही. ज्याला दुधाची सर्वांत अधिक निकड आहे तेच बाळ मुके राहते, आणि आपण त्याला गुणी म्हणून वाखाणतो.

ही गोष्ट डॉक्टरांनाही फार जुन्या काळापासून ठाऊक होती असे नाही. अमेरिकेतील शिकागोच्या डॉक्टर कॉर्नब्लाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 साली काही नवजात बालकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना आकड्या येत होत्या, रक्तातील साखर फारच खाली गेली होती, आणि शिरेतून साखर देताच त्यांना उतार पडला. त्या काळी अनेक नामांकित रुग्णालयांतून अपुऱ्या दिवसांच्या बालकांना एक दिवस, दोन दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ काहीच न पाजता ठेवण्याची चाल होती. दूध श्वासनलिकेत जाईल अशी त्यामागे भीती होती. हेतू चांगला होता, परंतु परिणाम चांगला नव्हता. कॉर्नब्लाथ यांच्यासारख्यांच्या अभ्यासामुळे ती चाल पुढे सुटली. विद्वानांची रीतही जर ज्ञानाच्या प्रकाशात बदलू शकते, तर आपल्या घरातील मधाचे बोट का बदलू नये?

आता आम्ही वाचकांना हैदराबाद शहरी घेऊन जाऊ इच्छितो. हे शहर आपल्याला परके नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि कामधंद्यासाठी तेथे जाऊन राहिलेली मराठी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. माता आणि बालक यांच्या सेवेचा या नगरीचा इतिहास ऐकण्याजोगा आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांची धाकटी सून राजकन्या निलोफर ही तुर्कस्तानच्या राजघराण्यातील होती. 1949 साली तिच्या सेवेतील एक स्त्री बाळंतपणात दगावली. राजकन्येला स्वतःला मूल नव्हते. परंतु वैद्यकीय मदतीवाचून यापुढे दुसऱ्या कोणा मातेचा असा अंत होऊ नये, हा ध्यास तिने घेतला. त्यातून 1953 साली रेड हिल्स भागात स्त्रिया व मुले यांच्यासाठी निलोफर रुग्णालय उभे राहिले. गोरगरिबांची मुले आजही दूरदूरच्या जिल्ह्यांतून तेथे आणली जातात.

त्याआधी, 1948 साली, डॉक्टर लूर्द फर्नांडिस आणि त्यांचे पती डॉक्टर लेस्ली यांनी त्याच शहरी बोगुलकुंटा येथे एक लहानसे प्रसूतिगृह चालू केले होते. आज ते फर्नांडिस रुग्णालय या नावाने विख्यात आहे, आणि सुशिक्षित प्रसविका तयार करण्याचे कार्यही तेथे चालते. शेजारच्या सिकंदराबादेत भारतीय कॅथलिक आरोग्य संघाचे मुख्यालय आहे. हा संघ 1943 साली ज्यांनी स्थापन केला त्या सिस्टर डॉक्टर मेरी ग्लोरी या मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या होत्या. 1920 साली त्या भारतात आल्या, आणि गुंटूर येथे राहून त्यांनी हजारो स्त्रियांची व बालकांची शुश्रूषा केली. धर्मभगिनी असून डॉक्टरकी करण्यास त्या काळी पोपमहाशयांची खास अनुज्ञा लागे, ती त्यांना मिळाली होती.

राजवाड्यातील एक स्त्री, प्रसूतिगृहातील एक डॉक्टर आणि मठातील एक भगिनी, अशा तिघींनी आपापल्या परीने एकाच कामास हात घातला. त्यांच्यासारख्या अनेकांच्या श्रमांमुळे आज बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली आहेत. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात शंभरातील सुमारे 89 बाळंतपणे रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत होतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याच पाहणीतला दुसरा आकडा वाचून मन खिन्न होते. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत आईचे दूध ज्यांना मिळाले, अशी बालके शंभरात अवघी 42 होती. म्हणजे आई रुग्णालयाच्या खाटेवर पोहोचली, पण बाळ आईच्या छातीशी वेळेवर पोहोचले नाही. निलोफर राजकन्येने उभारल्या तशा भिंती आपल्याला लाभल्या. पण त्या भिंतींच्या आत पहिल्या तासात काय घडते, हे पाहण्याचे काम अद्याप बाकी आहे.

या कामी नव्या काळात मोलाचा प्रकाश मिळाला तो सातासमुद्रापलीकडच्या न्यूझीलंड देशातून. तेथील ऑकलंड विद्यापीठाच्या लिगिन्स संस्थेत डॉक्टर जेन हार्डिंग या बालरोगतज्ज्ञ विदुषींनी आपले आयुष्य नवजात बालकांच्या अभ्यासाला वाहिले आहे. हॅमिल्टन गावच्या वायकाटो रुग्णालयात त्यांनी आणि डेबोरा हॅरिस या परिचारिकेने इतर सहकाऱ्यांसह एक साधा प्रश्न विचारला. बाळाची साखर उतरली की त्याला आईपासून दूर अतिदक्षता कक्षात नेऊन शिरेत सुई घालतात. त्याऐवजी गालाच्या आतल्या बाजूस साखरेचे जेल चोळून काम भागेल काय?

2008 च्या डिसेंबरपासून 2010 च्या नोव्हेंबरपर्यंत त्यांनी ही परीक्षा चालविली. मधुमेही मातांची, अपुऱ्या दिवसांची, फार लहान अथवा फार मोठ्या वजनाची, अशी जोखमीची 514 बालके त्यांनी घेतली. टाचेला टोचून रक्ताचा थेंब घ्यावयाचा व साखर मोजावयाची, असा क्रम होता. शंभर मिलिलिटर रक्तात 47 मिलिग्रॅमहून कमी साखर म्हणजे उणीव, असे त्यांनी धरले. या जोखमीच्या बालकांपैकी निम्म्यांच्या आसपास बालकांची साखर या सीमेखाली उतरली. त्यांच्यापैकी काहींना डेक्स्ट्रोज साखरेचे 40 टक्क्यांचे जेल आणि काहींना तसेच दिसणारे बिनसाखरेचे जेल देण्यात आले. कोणाला काय मिळाले हे परिचारिकांनाही ठाऊक नव्हते. जेल गालात चोळून बाळाला लगेच पाजण्यास घ्यावयाचे, असा नियम सर्वांनाच होता. बिनसाखरेच्या जेलाने शंभरातील 24 बालकांची साखर सावरली नाही, तर साखरेच्या जेलाने न सावरलेली बालके शंभरात 14 राहिली. आणखी एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. दोन आठवड्यांनी पाहता, पहिल्या गटातील शंभरात 13 बालके डब्याच्या दुधावर होती, तर दुसऱ्या गटातील अवघी 4. कारण उघड आहे. आई व बाळ एकत्र राहिली, म्हणून पान्हा टिकला. हे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले, आणि 2019 साली न्यूझीलंडचे रदरफर्ड पदक देऊन डॉक्टर हार्डिंग यांचा गौरव करण्यात आला.

या संशोधकांचा एक गुण आम्हांस अनुकरणीय वाटतो. यश मिळाले म्हणून ते थांबले नाहीत, आणि जे मनासारखे निघाले नाही तेही त्यांनी लपविले नाही. जोखमीच्या सर्वच बालकांना जन्मताच सरसकट जेल दिले तर अधिक बरे होईल काय, हे त्यांनी दोन हजारांहून अधिक बालकांवर पाहिले. साखर उतरण्याचे प्रमाण थोडे घटले, परंतु मेंदूच्या वाढीस त्याचा लाभ दोन वर्षांनी दिसून आला नाही. तेव्हा ज्याला उणीव आहे त्यालाच औषध द्यावे, हा विवेक त्यातून मिळाला. साखर उतरलेल्या बालकांकडेही त्यांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. साडेचार वर्षांच्या वयात त्यांच्यापैकी काहींची हातडोळ्यांची सांगड व मन एकाग्र करण्याची शक्ती थोडी उणी आढळली. परंतु नऊदहा वर्षांची झाल्यावर शाळेच्या अभ्यासात ती इतर जोखमीच्या मुलांच्या बरोबरीची होती. ज्यांच्या बाळाला असा त्रास झाला असेल त्या मातापित्यांनी यातून धीर घ्यावा. मात्र साखर फार खाली जाऊन आकड्या आल्या आणि उपचारास विलंब झाला, तर मेंदूला, विशेषतः दृष्टी सांभाळणाऱ्या मागील भागाला, कायमची इजा होऊ शकते. म्हणून वेळेला महत्त्व आहे.

येथे कोणी विचारील, "साखरेच्या जेलाने गुण येतो, तर आमचा मध काय वाईट?" प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर स्पष्ट आहे. ते जेल स्वच्छ केलेले, मोजून दिलेले औषध आहे. ते रक्त तपासून, उणीव दिसली तरच देतात, आणि त्यानंतर बाळाला पाजतात व पुन्हा रक्त तपासतात. मध यांपैकी काहीच नाही. मधात क्वचित अशा जंतूंची बीजे असतात की ज्यांच्या विषाने तान्ह्याचे स्नायू लुळे पडतात. म्हणूनच वर्षाच्या आतील मुलाला मध मुळीच देऊ नये, असे डॉक्टर बजावतात. गुळाचे पाणी आणि बाळगुटी यांनी पोट क्षणभर भरल्यासारखे होते, बाळ स्तन ओढत नाही, आणि ओढले नाही म्हणून पान्हाही उशिरा फुटतो.

आणि पहिले पिवळसर दूध, म्हणजेच चीक, त्याचे आपण काय करतो? गाय व्याली की वासराला पहिला चीक मिळालाच पाहिजे, नाहीतर ते जगणार नाही, हे आपल्यातील प्रत्येक शेतकरी जाणतो. उरलेल्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. मग आपल्याच लेकीचा किंवा सुनेचा चीक "जड आहे, नासका आहे" म्हणून पिळून टाकण्यास कोणी शिकविले? तो थोडा असतो, एका वेळी जेमतेम चमचाभर. परंतु बाळाचे पोटही तेवढेच असते. नाळ तुटल्यावर देवाने बाळासाठी जी दुसरी शिदोरी ठेवली आहे, ती हीच.

म्हणून आपल्या कुटुंबांना आमचे सांगणे पुढीलप्रमाणे आहे. गरोदरपणात साखरेची तपासणी जरूर करून घ्यावी. सरकारी दवाखान्यांतून ग्लुकोजचे पाणी पाजून ती करतात. मधुमेह निघाला तर तो लपवू नये, आणि त्यावरून त्या स्त्रीला कोणी बोल लावू नये. तो तिचा दोष नव्हे. जन्मानंतर बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे व वरून पांघरूण घालावे, म्हणजे ऊबही मिळते आणि दूधही. पहिल्या तासातच बाळाला पाजण्यास घ्यावे. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असले तरी परिचारिकेच्या मदतीने हे साधते. पुढे दोनतीन तासांच्या अंतराने, बाळ रडो वा न रडो, त्याला उठवून पाजावे. ओढत नसेल तर चीक हाताने स्वच्छ वाटीत काढून चमच्याने द्यावा, आणि त्याच वेळी डॉक्टरांना कळवावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे, फार मोठे किंवा मधुमेही मातेचे असेल, तर "याची साखर तपासली का?" असे आदराने परंतु निःसंकोचपणे विचारावे. हा प्रश्न विचारणे हे बापाचे काम आहे. बाळंतिणीच्या अंगी त्या वेळी तेवढे बळ नसते. घरी आल्यावर बाळ सुस्त पडले, थरथरले किंवा गार लागले, तर सकाळची वाट पाहू नये. त्याला छातीशी ऊब देत तसेच दवाखान्यात न्यावे.

गडचिरोलीच्या डॉक्टर अभय व राणी बंग यांनी खेड्यांतील साध्या स्त्रियांना शिकवून नवजात बालके वाचविता येतात हे सिद्ध केले. 1999 साली त्यांचे निष्कर्ष जगापुढे आले. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यामागे ती तपश्चर्या आहे. त्यांना दारातून परत पाठवू नये. बाळाला दृष्ट लागेल या भीतीने झाकून ठेवलेले बाळ आशाताईंनाही दिसत नाही, आणि मग त्याचे दुखणेही दिसत नाही.

या बाबतीत घरातील आजीबाईंचा शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा वजनदार असतो, हे आम्ही जाणतो. म्हणून हा लेख विशेषतः त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, अशी विनंती आहे. त्यांच्या मायेला कोणी आव्हान देत नाही. त्यांनी मधाचे बोट बाजूला ठेवून सुनेच्या पाठीशी उशी लावावी आणि बाळ तिच्या पदराखाली द्यावे, एवढेच मागणे आहे. काही स्त्रियांना चारचौघांत पाजण्याचा संकोच वाटतो. त्यांना आम्ही 2014 च्या जानेवारीतील एक प्रसंग सांगतो. सिस्टाइन चॅपेलमध्ये 32 बालकांना बाप्तिस्मा देताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मातांना निःसंकोच सांगितले की मुले भुकेने रडत असतील तर त्यांना येथेच पाजा. देवाच्या घरात जे शोभते ते आपल्या ओसरीवर आणि दवाखान्याच्या बाकावर का शोभू नये?

बेथलेहेमच्या गोठ्यात प्रभू येशूपाशी राजवैद्य नव्हता. परंतु मातेची ऊब होती, मातेचे दूध होते, आणि रात्रभर जागा राहणारा योसेफ होता. आपल्या प्रत्येक घरातील बाळाला निदान एवढे तरी मिळावे. त्याहून अधिक जे डॉक्टरांच्या हाती आहे, ते वेळेवर मागून घेण्याची बुद्धी त्याच्या आईबापांना व्हावी, हीच प्रभूचरणी आमची प्रार्थना.